क्लिपवाले इलेक्ट्रिक इग्नायटर: हात लांब ठेवायला उत्तम, ताल धरायला नाही

अमेरिकेत राहणाऱ्या आणि दिवाळीला किंवा ४ जुलैला मोकळ्या जागेत दहा-वीस केक उडवणाऱ्या घरांसाठी हे परीक्षण आहे. केक म्हणजे एका खोक्यात नळ्या शेजारी शेजारी चिकटवलेला, एकच वात असलेला फटाका; आपल्याकडे त्याला मल्टिशॉट म्हणतात. वस्तू साधी आहे. प्लॅस्टिकची छोटी क्लिप, तिच्या जबड्यात नायक्रोमची बारीक तार आणि मागे दोन पदरी वायर. क्लिप वातीवर दाबून बसवायची, वायरीची टोकं रिसीव्हरच्या खटक्यात अडकवायची आणि लांब उभं राहून रिमोटचं बटण दाबायचं. तार तापून लाल होते, वात पेटते. ‘टॅलन’ या नावाने हा प्रकार सर्वांत जास्त ओळखला जातो, आणि त्याच घडणीच्या बिननावाच्या क्लिपाही गठ्ठ्याने विकत मिळतात.

ही वस्तू घ्यावी, पण ती कशासाठी घेतोय हे नीट ठरवून. लांब अगरबत्ती किंवा पेटती कांडी घेऊन वाकायचं, वात धरली की नाही ते बघायचं आणि अंधारात मागे पळायचं, या तीन गोष्टी क्लिप टाळते. शोभेच्या दारूचे घरगुती अपघात याच काही सेकंदांतही होतात. माणूस केकवर वाकलेला असतो किंवा पळताना अडखळतो. एवढ्या एका कारणासाठीही पैसे वसूल आहेत. पण गाण्याच्या ठेक्यावर फुलं फुटतील अशा आशेने घेतलीत, तर पहिल्या पाच मिनिटांतच निराशा होईल. कारण क्लिपच्या कामातच आहे.

आधी या क्लिपेचा आणि ‘ई-मॅच’चा फरक समजून घ्या. दुकानदार दोन्हींना सरसकट इग्नायटर म्हणतात. ई-मॅचच्या टोकाला ज्वालाग्राही मसाल्याचा थेंब असतो. तो वीज मिळताच क्षणात भडकतो, म्हणून व्यावसायिक आतषबाजीत तो वापरतात. पण अमेरिकेत ई-मॅच स्फोटक पदार्थांत मोडतो आणि तो घ्यायला, ठेवायला एटीएफ या केंद्रीय यंत्रणेचा परवाना लागतो. नुसती नायक्रोमची तार असलेल्या क्लिपेत मसाला नसतो, त्यामुळे ती साध्या ग्राहकाला विकता येते. म्हणून ‘ई-मॅच, परवाना नको’ असं लिहून कोणी मसाल्याची टोकं विकत असेल, तर त्या वाटेला जाऊ नका. घरी टोकं बनवायचा नाद तर अजिबातच नको.

फटाक्यांचा कायदा प्रत्येक राज्यात वेगळा आहे आणि क्लिप लावल्याने त्यात काही सवलत मिळत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये सामान्य माणसाला कुठलेच फटाके उडवता येत नाहीत. न्यू जर्सीत २०१७ पासून फुलबाजी आणि जमिनीवर ठिणग्या उडवणारे प्रकार चालतात, आकाशात जाणारं काहीही नाही. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात केक आणि शेल (नळीत टाकून आकाशात उडवायचे गोळे) कायदेशीर आहेत, पण इमारतीपासून किंवा वाहनापासून १५० फूट अंतर हवं. तिकडून गाडीत भरून न्यू जर्सीत आणले की मात्र कायदा मोडला. शिवाय गावाचे, टाउनशिपचे नियम निराळे असतात. क्लिपा मागवण्याआधी ते बघून घ्या.

आता खरा विषय, क्लिप वातीवर बसवणं. पेटली नाही अशा तक्रारींतल्या बऱ्याच इथेच जन्माला येतात.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या केकची वात बहुधा हिरवी, गोल आणि सुमारे अडीच मिलीमीटर जाडीची असते. तिला व्हिस्को म्हणतात. आत काळ्या दारूचा गाभा, भोवती दोऱ्याचे वेढे आणि वर लाखेसारखा थर. हा थर पाणी अडवतो, तशी उष्णताही थोडी अडवतो. त्यामुळे तार वातीला घट्ट टेकलेली असावी लागते. जबडा बंद करताना ‘टक्’ असा आवाज यायला हवा आणि तार वातीच्या अंगावर आडवी बसायला हवी. ती बाजूच्या पोकळीत राहिली तर लाल होईल, पण पेटवणार काहीच नाही. बंद केल्यावर क्लिप हलकेच ओढून बघा. सरकली तर ती बसलेली नाही.

वातीवर नारिंगी किंवा लाल कागदाचं टोपण असतं. ते काढल्याशिवाय क्लिप लावू नका. कागदावरून लावली तर कागद जळतो, वात तशीच राहते. वातीला चिकटपट्टीने केकच्या अंगाला टेकवलेलं असतं. ती सोडवताना वात वाकवून कडक घडी पाडू नका. घडीत गाभा तुटतो आणि आग तिथेच थांबते.

क्लिप वातीच्या मोकळ्या टोकापासून दोन-तीन सेंटीमीटर आत लावा. अगदी टोकाला नको, कारण तिथला गाभा कापताना झडलेला असू शकतो. आणि वात केकमध्ये जिथे शिरते त्या भोकाजवळ तर नकोच. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा नियमांनुसार वात किमान ३ आणि जास्तीत जास्त ९ सेकंद जळली पाहिजे. हा वेळ तुमच्यासाठी राखलेला असतो. क्लिप भोकाला भिडवली की तो वेळ तुम्हीच कापून टाकता. चुकून बटण दाबलं गेलं आणि कोणी केकपाशी उभं असलं, तर त्याला मागे सरायला तेवढेच सेकंद मिळणार असतात. वात उपटून क्लिप आत खुपसण्याचे सल्लेही दिले जातात. त्यामुळे फटाका कारखान्यातून आला तसा राहत नाही. करू नका.

बऱ्याच केकना दोन वाती असतात. एक मुख्य, दुसरी राखीव, ती बहुधा टोपणाखाली आणि पलीकडच्या बाजूला. क्लिप मुख्य वातीलाच लावा. राखीव वात उलट्या बाजूने पेट घेते, म्हणून केकचा क्रम उलटा होतो आणि शेवटचा मोठा बार आधी उडतो.

भारतातून आणलेल्या किंवा भारतीय पद्धतीच्या फटाक्यांना, म्हणजे भुईनळा, चक्र, सुतळी बॉम्ब यांना या क्लिपा लावू नका. त्यांची बारीक, कागदात गुंडाळलेली वात जबड्यात सैल राहते आणि पेटली तर फार लवकर जळते.

आता वीज. इथे थोडा हिशेब करू, कारण ‘क्लिपा वाईट निघाल्या’ असं म्हणणाऱ्यांचे बरेचदा सेल वाईट असतात.

स्वस्त वायरलेस रिसीव्हरमध्ये चार पेन्सिल सेल बसतात, असं धरू. म्हणजे ६ व्होल्ट. क्लिपचा रोध २ ओहम धरू. तुमच्या क्लिपचा खरा आकडा मल्टिमीटरने मोजून घ्या. नव्या अल्कलाइन सेलचा आतला रोध प्रत्येकी ०.२ ओहमच्या आसपास, चारांचा मिळून ०.८. प्रवाह सुमारे २.१ अँपिअर होतो आणि तारेत ९ वॅट उष्णता तयार होते. वात पटकन पेटते. आता मधे दहा मीटर २२ गेज वायर जोडा. जाऊन-येऊन वीस मीटर तांबं, म्हणजे आणखी १ ओहमहून थोडा जास्त रोध. प्रवाह १.५५ अँपिअरवर येतो आणि तारेतली उष्णता ५ वॅटच्या आत, जवळजवळ निम्मी. आता तेच सेल अर्धे वापरलेले घ्या. प्रत्येकी सव्वा व्होल्ट, आतला रोध अर्धा ओहम. प्रवाह १ अँपिअर, उष्णता २ वॅट. तार जेमतेम तापेल, क्वचित लालसर दिसेल, वात मात्र ढिम्म.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, दर कार्यक्रमाला नवे अल्कलाइन सेल. मोकळ्या सेलवर मल्टिमीटर लावून दीड व्होल्ट दाखवतोय म्हणून समाधान मानू नका. भार पडल्यावर तो किती खाली जातो ते महत्त्वाचं. दोन, रिसीव्हर केकजवळ आणा, वायर लांबवू नका. लांबवायचीच असेल तर १८ गेजची जाड वायर घ्या, तिच्या वीस मीटरचा रोध ०.४ ओहमच्या आसपास आहे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर टाळा, तिचा रोध खऱ्या तांब्यापेक्षा बराच जास्त असतो. तीन, पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे म्हणून नाकारू नका. त्यांचा आतला रोध इतका कमी असतो की वरच्या हिशेबात ते नव्या अल्कलाइनच्या बरोबरीने प्रवाह देतात. फक्त काही रिसीव्हर कमी व्होल्टेज बघून ‘सेल संपले’ असा दिवा लावतात, ते आधी तपासा.

एका क्यूला, म्हणजे रिमोटच्या एका बटणावर चालणाऱ्या रिसीव्हरच्या एका खटक्याला, दोन क्लिपा लावायचा मोह होतो. एकापुढे एक जोडल्या तर जी तार आधी जळून तुटेल ती सगळं सर्किट तोडेल आणि दुसरी अर्धवट तापून राहील. समांतर जोडल्या तर प्रवाहाची मागणी दुप्पट होते आणि चार पेन्सिल सेल ती पुरवताना दमतात. एका क्यूला एकच क्लिप, हाच नियम ठेवा. दोन केक एकदम हवे असतील तर दोन क्यू घ्या.

पाकीट आलं की आधी पाच-सहा मोकळ्या क्लिपांचा रोध मल्टिमीटरने मोजा. सगळ्यांचे आकडे जवळपास सारखे यावेत. एखादी शून्याच्या जवळ दाखवत असेल तर तिच्या वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. आकडाच येत नसेल तर तार तुटली आहे. मग दोन क्लिपा फटाक्याशिवाय, सुट्या वातीच्या तुकड्यावर, ज्या सेलवर आणि जेवढ्या वायरीवर कार्यक्रम करायचा त्याच जोडणीने जाळून बघा आणि घड्याळ लावा. बटणापासून वात धरेपर्यंत साधारण एक-दोन सेकंद लागले तर जोडणी चांगली. चार-पाच सेकंद बटण दाबून ठेवावं लागलं तर ती प्रत्यक्ष वेळी दगा देईल.

याच चाचणीत ठेक्याची गोष्टही कळते. तार तापायला एक-दोन सेकंद, मग वातीचे ३ ते ९. म्हणजे बटण दाबल्यापासून पहिला बार चार सेकंदांनी येईल किंवा अकरा सेकंदांनी, आणि एकाच खोक्यातल्या दोन केकमध्येही फरक पडेल. एकामागोमाग एक, पंधरा-वीस सेकंदांच्या अंतराने केक सोडायला हे पुरेसं आहे. गाण्याच्या समेवर बार हवा असेल तर ते काम परवानाधारकाचं आणि ई-मॅचचं.

रिमोटबद्दल. बारा क्यूच्या स्वस्त संचात बहुधा चार-चार क्यूचे तीन रिसीव्हर असतात आणि ते ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात. जाहिरातीतलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. रिसीव्हर ओल्या गवतावर ठेवला आणि मधे माणसांची रांग उभी राहिली की ते अंतर फार घटतं. फूट-दीड फूट उंच खुंटीवर रिसीव्हर बांधा, अँटेना उभी ठेवा आणि प्रत्यक्ष उभं राहायच्या जागेवरून, सगळे जमल्यावर, क्लिपा न जोडता दिवे लागतात का बघा. रिमोट आणि रिसीव्हरची जोडणी घरी पुन्हा स्वतः करून घ्या. शेजारच्या अंगणातही त्याच बनावटीचा संच असू शकतो, आणि ४ जुलैला तर असतोच.

संच निवडताना तीन गोष्टी बघा. किल्ली असलेला कुलूप-स्विच हवा. सर्किट जुळलंय की नाही ते दाखवणारा दिवा प्रत्येक क्यूला हवा, आणि तो दिवा लावणारा प्रवाह मोजका असावा. ‘सगळे एकदम’ असं बटण नसलं तर उत्तम. असलं तर त्यावर चिकटपट्टी मारा. अंधारात अंगठा सरकतो. कोब्रासारखे महागडे संच या तिन्ही बाबतीत फार पुढे आहेत, पण वर्षातून दोनदा दहा केक उडवणाऱ्या घराला त्यांची गरज नाही.

वायरीची लांबी घेताना लोक एक मीटरच्या क्लिपा घेतात, कारण त्या स्वस्त पडतात. ते चुकतं. एक मीटरमध्ये रिसीव्हर केकच्या इतका जवळ येतो की ठिणग्या आणि जळके पुठ्ठे त्याच्यावरच पडतात. तीन मीटरच्या घ्या आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला रिसीव्हर ठेवा, म्हणजे राख त्याच्यापासून दूर जाईल.

वायरीमुळे होणारा आणखी एक धोका बाकी सगळ्यांपेक्षा गंभीर आहे: वायर ओढली जाऊन केक आडवा पडणं. ग्राहकांना मिळणाऱ्या मोठ्या केकमध्ये ५०० ग्रॅमपर्यंत दारू असते. तो उडताना कलंडला तर गोळे थेट प्रेक्षकांत जातात. म्हणून केक सपाट फळीवर ठेवून दोन्ही बाजूंनी विटा किंवा वाळूच्या पिशव्या लावा. वायर केकपासून हातभर अंतरावर जमिनीत खुंटी ठोकून तिला एक वेढा द्या. कोणी अडखळलं तर ओढ खुंटीवर येईल, केकवर नाही. खुंटीपासून वातीपर्यंतची वायर थोडी सैल सोडा.

नळीत टाकायच्या शेलना हेच जास्त कडकपणे लागू आहे. शेल सपाट बाजू खाली करून नळीच्या तळापर्यंत सोडायचा, लांब वात नळीच्या काठावरून बाहेर घ्यायची आणि क्लिप बाहेरच्या भागावर लावायची. क्लिप आणि वायरीच्या वजनाने शेल तळावरून इंचभर जरी वर ओढला गेला, तरी खालचा उडवणारा दाब वाया जातो आणि शेल कमी उंचीवर फुटतो. वायर नळीच्या स्टँडला चिकटपट्टीने धरून ठेवा. खोक्यात एक-दोनच नळ्या येतात. इलेक्ट्रिकने उडवायचं तर जितके शेल तितक्या नळ्या हव्यात, कारण मधे जाऊन पुन्हा भरायचं नाही. भरताना डोकं नळीच्या वर आणू नका.

जोडणीचा क्रम ठरलेला असावा. रिमोटमधली किल्ली आणि सेल काढून एकाच माणसाच्या खिशात. मग केक मांडणं, आधार देणं, क्लिपा लावणं, खुंट्या ठोकणं. क्लिपेच्या वायरींची उघडी टोकं तोवर एकमेकींना पिळून ठेवलेली. सर्वांत शेवटी, रिसीव्हर बंद असताना, टोकं सोडून खटक्यात अडकवायची. खटक्यात प्लॅस्टिकचं आवरण नाही, उघडं तांबं दाबलं गेलंय हे बघा. दिवा न लागण्याचं हे सर्वांत साधं कारण आहे. सगळे मागे आले, मोजले, मग रिसीव्हर चालू करणारा माणूस परत आला, मग किल्ली. क्लिपा लावलेले केक गाडीतून नेऊ नका. मैदानावर पोचल्यावरच लावा. दव पडत असेल तर केकवर पातळ प्लॅस्टिक टाका आणि रिसीव्हर चालू करायच्या आधी काढा.

एखादा क्यू पेटला नाही तर तो सोडून पुढे जा. वात मंद धुमसत असू शकते. कार्यक्रम संपल्यावर किल्ली काढा, वीस मिनिटं थांबा, मग रिसीव्हर बंद करून वायर सोडवा आणि केक बादलीभर पाण्यात बुडवा. दुसरी क्लिप लावून पुन्हा प्रयत्न करायचा नाही. केक सुरू होऊन मधेच थांबला तर तो दोष क्लिपचा नाही, केकच्या आतल्या वातीचा आहे. त्यालाही हाच उपाय.

जळलेली क्लिप पुन्हा वापरता येत नाही. जबडा वितळतो आणि तार ठिसूळ होते. सकाळी उजेडात वायरी गोळा करा आणि लावल्या होत्या तितक्या मोजून घ्या. गवतात राहिलेली तीन मीटर वायर गवत कापायच्या यंत्राच्या पात्याला गुंडाळते, आणि तुटलेल्या नायक्रोमचं टोक अनवाणी मुलांच्या पायात जातं.